अळीला कळेल

अण्णांचा फोन आला तेव्हा माझी डाळमिल भरात चालू होती. लातुरात तुरीचा सीझन म्हणजे चाळण्यांचा, इलिव्हेटरचा असा गोंगाट की शेजारच्या माणसाचं बोलणंही ओठांवरून ओळखावं लागतं. फोन कानाशी धरून मी पोत्यांच्या थप्पीमागं गेलो. पलीकडून आवाजच येईना. माझे थोरले भाऊ तसे कमीच बोलणारे. पाटबंधारे खात्यातली सगळी नोकरी त्यांनी कालव्यांच्या काठाकाठानं केली, माणसांपेक्षा पाण्याशी जास्त बोलले असतील. शेवटी म्हणाले, "बसू, शैला गेली रे." मी विचारलं, "कधी?" म्हणाले, "आत्ताच. चहा मागितला, मी घेऊन आलो, तर..." मी आत जाऊन मेन स्विच पाडायला लावला. मिल एकदम बंद होत नाही. पट्टे फिरत राहतात, मग चाळण्या थबकतात, शेवटी कुठंतरी वर अडकलेले दाणे घरंगळत खाली येतात... त्या दिवशी ते शेवटचे दाणे पडलेले मला ऐकू आले.

डॉ. शैलजा माझ्या वहिनी. नांदेडला एका महाविद्यालयात शिकवायच्या आणि उरलेला सगळा वेळ संगणकावर प्रोटीनचे आकार शोधायच्या. माती दिली त्या दिवसापासून आमच्याकडं येणारे नातेवाईक, बाजारातले लोक, त्यांच्या माहेरचे, सगळे मला एकच विचारतात. त्या नेमकं काय करायच्या हो? डॉक्टर होत्या म्हणावं तर सुई टोचत नव्हत्या, शेतीचं करायच्या म्हणावं तर शेतात दिसत नव्हत्या. मी डाळीतला माणूस. पण चोवीस तास विज्ञानात असलेल्या माणसानं मला सांगायचा कधी कंटाळा केला नाही, म्हणून जेवढं कळलं तेवढं लिहून ठेवतो.

लग्न होऊन त्या आमच्या घरी आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. नव्या सुनेला मिल दाखवायची आमच्याकडं रीत आहे. अव्वानं, म्हणजे आईनं, त्यांच्या हातून पहिल्या चाळणीला हळदकुंकू वाहून घेतलं, नारळ फोडला, पेढे वाटले. सगळे पेढे खाण्यात गुंतले आणि नवी नवरी दिसेना. शोधलं तर जरीच्या साडीत मागच्या बाजूला उकिडव्या बसलेल्या. पुढं किडक्या तुरीचा ढीग. एकेक दाणा उचलून भोकातून आत बघत होत्या. अव्वानं कपाळाला हात लावला. "काय गं पोरी, सोडून सोडून किडलेलंच वेचायला बसलीस?" वहिनी उठून साडी झटकत म्हणाल्या, "अव्वा, आमच्या मुखेडच्या शेतात बांधावर रानतूर उगवायची. वेल असतो बारीक. शेतातल्या तुरीला अळी फोडून काढायची आणि हातभर अंतरावरच्या रानतुरीला तोंड पण लावायची न्हाई. का लावत नसेल?" अव्वा म्हणाली, "कडू असंल." वहिनी म्हणाल्या, "मी खाऊन बघितलीय. कडू न्हाई." आमच्या घरात आजवर कुठली सून रानतूर खाऊन आली नव्हती. अव्वानं अण्णांकडं बघितलं, अण्णांनी आढ्याकडं.

त्या एका प्रश्नावर त्यांनी आयुष्य काढलं. अण्णांची बदली नांदेडला झाली, वहिनींनी तिथं नोकरी धरली, डॉक्टरेट केली. पहिल्यांदा त्यांनी मला त्यांचं काम दाखवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मी वसुलीला उमरीकडं गेलो होतो, येताना त्यांच्याकडं जेवायला थांबलो. जेवण राहिलं बाजूला. "भावजी, इकडं या. तुमची तूर दाखवते." काळ्या पडद्यावर रंगीत फितीची एक गुंतवळ. निळी, हिरवी, कुठं स्क्रूसारखी पिळलेली, कुठं सपाट घडी घातलेली. मी म्हटलं, "यात तूर कुठंय?" तर म्हणाल्या, "ही तुरीच्या दाण्यातली एकच वस्तू आहे, भावजी. एक प्रोटीन. वीस तऱ्हेचे मणी असतात, त्यांची ही माळ. माळ तयार झाली की आपली आपण गुंडाळते आणि दर वेळी नेमकी अशीच गुंडाळते. असली कोट्यवधी एका दाण्यात." मी विचारलं, "घडी घालायला शिकवतं कोण?" "कुणीच न्हाई." "आणि किती वेळ लागतो?" "पापणी लवायच्या आत होऊन जातं." "आणि तुम्हाला ही घडी शोधून काढायला?" वहिनी खळखळून हसल्या. "मला? नोकरी लागल्यापासून तेच करून राहिले की!"

मग त्यांनी दुसरं काहीतरी पडद्यावर आणलं. करड्या रंगाचा एक गोळा, त्याला मधोमध खाच. हा अळीच्या पोटातला पाचक रस. दाण्यातली ताकद तोडून पचवायचं काम याचं. रानतुरीचं प्रोटीन अळीच्या पोटात गेलं की त्याचा एक वळसा बरोबर या खाचेत जाऊन बसतो. खाच बुजली की रस मुका. अळीचं पोट भरतं, पण अन्न अंगी लागत नाही... मी बघत असतानाच तो वळसा सरकत आला आणि खाचेत बसला. कोयंड्यात कडी जावी तसा. जन्म तुरीत गेला माझा. वास घेऊन ओलावा सांगतो, मूठभर दाणे हातात घेऊन डाळीचा उतारा सांगतो. पण माझ्या पोत्यांत हे असलं काही चाललेलं असतं, आपल्या हातापायांतही असतं, याचा मला पत्ताच नव्हता. त्या दिवशी मी परत येताना गाडी थांबवून रस्त्याकडेच्या तुरीकडं नुसता बघत उभा राहिलो.

शेतातल्या तुरीचं प्रोटीन मात्र त्या खाचेत टिकत नव्हतं, घसरत होतं. कारण अळीही हुशार. शेकडो वर्षं आपलीच तूर खात आलेली, तिनं आपल्या खाचेचा आकार जरासा बदलून घेतलेला. मग रानतुरीत असं काय वेगळं आहे की ते घसरत नाही? वहिनींनी गणितं करून सांगितलं की अमुक एका मण्यामुळं. तो लेख छापून आला. त्यांचं नाव झालं. पुढं व्हायच्या बढतीच्या मुलाखतीत त्या लेखावरच सगळी भिस्त होती. दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेनं तर तो मणी शेतातल्या तुरीत आणायची खटपटही सुरू केली.

यानंतर जे झालं ते मला फरहीननं सांगितलं. फरहीन ही वहिनींची विद्यार्थिनी, मुदखेडहून रोज रेल्वेनं यायची, आता स्वतः शिकवते. मधल्या काळात नव्या तऱ्हेचे प्रोग्रॅम आले होते. ज्या घडीला वहिनींना वर्षानुवर्षं लागली ती हे प्रोग्रॅम दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत काढून द्यायचे. फरहीननं सहज म्हणून रानतुरीची माळ त्यातल्या एकाला दिली. घडी आली, पण वहिनींनी सांगितलेला मणी खाचेच्या दिशेला नव्हताच, पाठ फिरवून दुसरीकडं बघत होता. तिला वाटलं, नवा प्रोग्रॅम चुकला असेल. जुनी गणितं काढून बसली, आणि तिच्या लक्षात आलं की चूक आपल्याच जुन्या घडीत आहे. तिचा स्वतःचा प्रबंध त्याच मण्यावर उभा. घाबरून तिनं कितीतरी दिवस तोंडच उघडलं नाही. शेवटी एका दुपारी वहिनींसमोर उभी राहून रडायलाच लागली. "मॅडम, हमारा... आपलं चुकलंय."

वहिनींनी तिला खुर्चीवर बसवलं आणि पडदा बघितला. घडी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली. मग एकदम म्हणाल्या, "अगं, किती सुंदर वळलंय हे! मी इतकी वर्षं उलटं धरून बघत होते की!" खात्री करायला म्हणून त्यांनी परगावच्या एका प्रयोगशाळेला पत्र टाकलं. तिथल्या लोकांनी तो मणी बदलून बघितला, तर काही फरक नाही. प्रोटीन खाचेत पहिल्यासारखंच घट्ट. म्हणजे वहिनींचं म्हणणं साफ खोटं ठरलं. त्या दिवशी त्यांनी घरी येताना पेढे आणले. अण्णांना वाटलं, बढती झाली. "कशाचे गं?" "मी चुकले त्याचे." अण्णांना हसावं का रडावं कळेना. पुढं त्या जेव्हा म्हणाल्या की लेख मागं घेतेय, तेव्हा मात्र माझा तो अबोल भाऊ चिडला. मी तिथं होतो. ताट पुढ्यात घेऊन अण्णा म्हणाले, "चार महिने गप्प बस. बढती होऊ दे. मग घे मागं. कुणाला कळणार हाय?"

वहिनी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अळीला कळेल."

तव्यावर भाकरी फुगली, त्यांनी ती अण्णांच्या ताटात टाकली. "तिकडं ती पोरं माझ्या लेखावर विसंबून रोपं करून राहिलीत. त्यांची वर्षं जातील. अन् शेवटी अळी येऊन खाऊन जाईल. तिला थोडंच माझं प्रमोशन माहीत हाय?" लेख मागं घेतला. बढती पुढं गेली ती गेलीच. खरी जागा फरहीन आणि त्यांनी मिळून नंतर शोधली. खाचेपासून लांब, पाठीमागच्या बाजूला होती. नव्या लेखात फरहीनचं नाव पहिलं आणि वहिनींचं शेवटी. परीक्षानळीत ते खरं उतरलं. शेतात यायला अजून किती वर्षं लागतील ते मला सांगता येणार नाही. माझ्या मिलमध्ये किडका माल अजून येतोच.

मग खोकला सुरू झाला. आधी आम्ही माझ्या मिलच्या धुळीला दोष दिला, मग खडूला. हैदराबादला नेलं तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग निघाला, आणि बराच पुढं गेलेला. आयुष्यात धुराच्या वाटेला न गेलेलं माणूस. अण्णा महिनाभरात दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की यांच्या गाठीत एक प्रोटीन बिघडलंय, ते सारखं 'वाढा, वाढा' असा हुकूम सोडतंय, आणि त्याला गप्प करणारी गोळी आहे. रोज एक.

आठवड्याभरात मला वहिनींचा फोन. "भावजी, येऊन जा. एक गंमत दाखवायचीय." मी काळजावर दगड ठेवून गेलो. दारातूनच त्यांनी मला संगणकापुढं नेलं. जगभरातल्या शास्त्रज्ञांनी उकललेले आकार सगळ्यांसाठी फुकट मांडून ठेवलेली एक मोठी पेढी इंटरनेटवर आहे. त्यात त्यांना त्यांचंच प्रोटीन सापडलं होतं. तेच, बिघडलेलं. त्याला एक खोल कप्पा, आणि कप्प्यात बसलेला काड्याकाड्यांचा एक छोटा आकार. "ही माझी गोळी. सकाळी दुधाबरोबर घेतली ती. बघा कशी बसलीय. आणि हे बघितलं का?" पडद्यावर एक पिवळा ठिपका होता. "हा गंधकाचा अणू. गोळीनं त्याला धरलंय, सोडतच न्हाई. आत्ता, आपण बोलून राहिलो तेव्हा, माझ्या छातीत हे चाललंय." मी पडद्याकडं बघू की त्यांच्या छातीकडं, मला कळेना. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते दुःखानं नव्हते. म्हणाल्या, "भावजी, मी आयुष्यभर अळीचं करत बसले. आणि कुठली कोण माणसं, नाव माहीत नाही, गाव माहीत नाही... त्यांनी माझं करून ठेवलं होतं."

गोळीनं चमत्कार केला असं मी म्हटलं की त्यांना आवडायचं नाही. म्हणायच्या, चमत्कार नाही, बैठक आहे, गोळी कप्प्यात नेमकी बसलीय एवढंच. पण आम्ही बघत होतो ना! जिन्याच्या तीन पायऱ्यांवर बसकण मारणारं माणूस परत वर्गात उभं राहून शिकवायला लागलं. नखं सोलवटायची, चेहऱ्यावर पुरळ यायचं, तरी दीड एक वर्ष त्यांनी भरभरून जगून घेतलं. माझ्या मुलीच्या लग्नात सगळ्या करवल्यांना हाताला धरून नाचल्या.

आणि खोकला परत आला. पुन्हा तपासण्या झाल्या. रिपोर्ट अण्णांच्या फोनवर आला, त्यांनी तो न उघडता फोन वहिनींच्या हातात दिला. मी समोर होतो. त्यांनी वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला. मग मला म्हणाल्या, "चला." पडद्यावर तेच प्रोटीन, तोच कप्पा. त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि त्या पिवळ्या ठिपक्याच्या जागी लाल ठिपका आला. "एक मणी बदलला भावजी. मण्यातला पण एकच अणू. हजारो अणूंमधला एक. गंधक गेला, प्राणवायू आला. आता गोळीला धरायला काही राहिलं न्हाई. येते, बसते, निघून जाते." थोडं थांबून त्या हसल्या. "नाव तर बघा ठेवलेलं, प्राणवायू!"

मला हुंदका आवरेना. दारात अण्णा भिंतीला टेकून उभे. वहिनी मात्र त्या लाल ठिपक्याकडं टक लावून बघत राहिल्या. हळूच म्हणाल्या, "अळीनं केलं तेच. अगदी तेच. खाच जराशी बदलायची... ना डोकं, ना डोळे, आणि काय अक्कल!" आपल्या मरणाचं कारण कुणाला असं अणूवर बोट ठेवून दाखवता येतं? आणि ते दाखवताना आवाजात असं नवल कुणाच्या असतं? देवळात गेल्यावर माणसाचा आवाज जसा आपोआप उतरतो ना, तसा त्यांचा उतरला होता. मला भीती वाटली होती ती त्या क्षणी कुठं गेली ते सांगता येत नाही. नंतर परत आली, पण त्या क्षणी नव्हती.

डॉक्टरांनी दुसरे उपाय केले. केस गेले, वजन गेलं. तुरी शेंगांवर आल्या तेव्हा त्यांनी मला मुखेडला न्यायला सांगितलं. गाडीत ऑक्सिजनचं लहान सिलिंडर ठेवून मी आणि अण्णा त्यांना माहेरच्या शेतात घेऊन गेलो. त्यांचे धाकटे भाऊ महादेव त्याच दिवशी फवारायच्या तयारीत, पाठीवर पंप. वहिनींनी बांधावर खुर्ची टाकायला लावली आणि एक शेंग मागितली. शेंगेतून हिरवी अळी निघाली, ती त्यांनी तळहातावर घेतली. नाकात नळी, डोक्याला रुमाल, आणि हातावर ती अळी चालतेय. अंग आखडून घेते, पुढं टाकते. महादेव म्हणाले, "अक्का, हिला मारायची का पुजायची, एकदाचं सांग." वहिनी म्हणाल्या, "आधी बघायची. मग मार." महादेवही मग पंप उतरवून शेजारी बसले. आम्ही चौघं ती अळी बघत बसलो. ऊन उतरेपर्यंत फवारणी झाली नाही. माझी आणि त्यांची ती शेवटची भेट.

मागच्या आठवड्यात नांदेडला गेलो होतो. फरहीन आलेली. वहिनींचा संगणक महाविद्यालयात न्यावा असं तिच्या मनात होतं, पण अण्णांनी हलवू दिला नाही. म्हणाले, तुला जे चालवायचंय ते इथंच चालव. तर आता तिचं काम तिथं चालतं. तो बदललेला कप्पा, लाल ठिपक्यासकट. त्याच्यात दुसरं काय बसेल याची शोधाशोध. मोठमोठ्या प्रयोगशाळा त्याच मागं आहेत, तिलाही ते ठाऊक आहे. पण वहिनींनी शेवटच्या महिन्यांत ते सुरू केलं होतं, म्हणून ती करते. एकेक गणित दिवसेंदिवस चालतं. वीज गेली की अण्णा इन्व्हर्टरकडं धावतात. रविवारी मऊ फडक्यानं यंत्राची जाळी पुसतात. कालव्याच्या दाराकडं बघायचे तसे पडद्याकडं बघत बसतात. पडद्यावर ते प्रोटीन स्थिर नसतं, बारीक बारीक हलत असतं.

मी गेलो तेव्हा लातूरचे दोन व्यापारी सोबत होते, भेटायला आलेले. बाजारातली माणसं, आवाज मोठे. भाव, आवक, वहिनींची आठवण, सगळं एकाच पट्टीत चाललेलं. अण्णा स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आले. तो टेबलावर ठेवला, आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटून घेतलं आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "जरा हळू बोला. आत काम चालू हाय."

पाहुणे माझ्याकडं बघायला लागले. मी काही समजावून सांगितलं नाही. आम्ही सगळे हळू बोलायला लागलो.